वृद्ध पेशींचे पाण्याची हकीकत

श्री. देहाचा मुलूख ज्याचे सत्तेनें चालतो त्यास दंडवत घालून, जें डोळां देखिलें तेंच लिहितों. शके १९४५ शोभकृतनाम संवत्सरे, कार्तिक मासीं, कर्करोगाचे शोधाचें एक संस्थान होतें, तेथील धनी डॉक्टर मोरेश्वरराव टिळेकर. वीस वर्षें खपून त्यांनीं औषध सिद्ध केलें. रोगी पेशी एकाच्या दोन, दोनाच्या चार होत सुटते, तिला हें औषध म्हातारपण आणी, आणि म्हातारी जाहली कीं तिची वाढ कायमची बंद. राव म्हणत, "म्हातारी पेशी म्हणजे दात पडलेला वाघ. बसेना का कोपऱ्यात!" मग दूरवर कीर्ति जाहली आणि अठरा रोग्यांस औषध देण्याचा दिवस मुक्रर जाहला, महिन्यावर. रावांचे पदरीं रेवतीबाई गावित, नंदुरबार प्रांतींच्या, पेशींची निगा राखण्यांत मोठ्या निष्णात. त्यांस शंका आली कीं ह्या म्हाताऱ्या वाढत नाहींत खऱ्या, परंतु मरतही नाहींत. मग जिवंत राहून करितात काय? आणि बाईंनीं ज्या पाण्यांत त्या पेशी राहत तें पाणी गाळून घेतलें, पेशी एकही घेतली नाहीं, आणि कर्करोगाचे उंबरठ्यावर निपचित बसलेल्या पेशींस तें घातलें. शेजारचे ताटलींत तरुण पेशींचें पाणी घातलें. आठ दिवसांनीं भिंगाखालीं धरितात तों तरुणांचे पाण्यांत सर्व शांत, आणि म्हाताऱ्यांचे पाण्यांत एकच गहजब! निपचित होत्या त्या उठल्या, चौपटीनें वाढल्या, आणि ताटलीचे तळीं अंथरलेला थर फोडून पलीकडे घुसल्या! मग पाणी तपासिलें तों दाह माजविणारीं द्रव्यें त्यांत ओतप्रोत. बाई तशाच रावांचे भर सभेंत शिरल्या.

"सर, त्या अठरा जणांना औषध देऊ नका."

राव कोपायमान होऊन बोलिले, "तुमच्या ताटलीत घाण गेली असेल."

"मग तुम्ही स्वतः करून बघा. बाटल्यांवर नुसतं खुणेचं अक्षर दुसऱ्या कुणाकडून घालून घ्या. कुठलं पाणी कुठलं, तुम्हालाही कळू नये आणि मलाही."

रावांनीं अकरा वर्षें ताटलीस हात लाविला नव्हता, ते खालीं बसले आणि सर्व आपले हातें केलें. नववे दिवशीं भिंगाशीं डोळा लाविला, मग अक्षरांची यादी मागविली, आणि एका पायांत जोडा, एका पायांत नाहीं, ऐसे सज्ज्यांत धांवत आले. "रेवतीबाई! अहो, बोलतात त्या! मी वीस वर्षं ज्यांना मुक्या समजलो, त्याच शेजाऱ्यांना चिथावतायत!" हर्ष आणि आकांत एकाच मुखीं ऐसा कधीं देखिला नव्हता. मग त्यांनीं अठरांस स्वतः फोन केले. एकानें म्हटलें, "साहेब, थांबायला आमच्याकडे वेळ कुठं आहे?" राव म्हणाले, "माहीत आहे मला. पण हेच औषध उद्या तुमच्यावर उलटेल. चूक माझी आहे."

मग मसलत ठरली कीं आधीं रोग म्हातारा करावा आणि मागाहून दुसरे औषधानें म्हाताऱ्या पेशी काढाव्या. राव उतावीळ होऊन म्हणाले, "अंगातल्या झाडून सगळ्या काढू!" बाई म्हणाल्या, "नको सर. जखम होते तेव्हा ह्याच पेशी हाक मारून मदत बोलावतात. चार दिवसांची हाक औषध आहे, महिनोन्‌महिने चालली की विष. गाठ कापून काढतात त्या शस्त्रक्रियेची जखम आधी भरू द्या, मग दुसरं औषध." तैसेंच उंदरांवर केलें: वीसांस पहिलेंच औषध दिलें तों अकरांस रोग पुन्हा जडला, दुसरे वीसांस दोन्ही दिलीं तों तिघांसच. संस्थानांत जल्लोष जाहला, लोक जिन्यांवर नाचले! आठ महिन्यांनीं माणसांस औषध देण्याची परवानगी आली आणि त्याच अठरा रोग्यांस बोलाविलें. सोळा आले. दोघे तोंवर वारले होते.

एणेंप्रमाणें वर्तमान जाहलें. निबंध छापिला त्यांत पहिलें नांव रेवती गावित. अर्पण त्या दोघांस, ज्यांस थांबविलें. औषध सोळांस लागू पडलें कीं नाहीं हें लिहितेवेळीं कळलें नाहीं. राव आणि बाई रोज सकाळीं त्यांचे खाटेपाशीं जातात. लेखनसीमा.