सत्तावीस नंबर गैरहजर

मॉडेल व्हायला लागतं काय हो? दोन पाय, एक मान आणि थोडा माज! पाय माझ्याकडे पहिल्यापासून होते. मान तेवीस वर्षं नोकरीत खाली घालून घालून जरा झिजली होती. आणि माज मी एकोणपन्नासाव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी सात वाजता, स्वतःच्या हिमतीवर आणला.

"मी मॉडेल होणार आहे," मी जाहीर केलं.

आमचे हे शाळेत विज्ञान शिकवतात. पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "कशाचं? ज्वालामुखीचं की पचनसंस्थेचं?"

"जाहिरातीतली मॉडेल!"

आता मात्र डोकं वर आलं. दात घासणारी लेक तोंडात फेस घेऊनच बाहेर धावली. मी पेपरातलं कात्रण त्या दोघांच्या मध्ये, चहाच्या कपाखाली दाबून ठेवलं. रोजच्या वापराचे सुटसुटीत कपडे करणाऱ्या एका कंपनीला चाळिशीपुढच्या महिला हव्या होत्या. अनुभवाची गरज नव्हती. ही अट मी शंभर टक्के पूर्ण करत होते!

"पण आई, एकदम हे कुठून आलं?" लेकीने फेस गिळत विचारलं.

कुठून आलं ते सांगते. मी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारीच्या खिडकीवर बसते. खिडकीच्या काचेला हनुवटीच्या उंचीवर एक भोक आहे. लोक वाकतात आणि त्या भोकात बोलतात. तेवीस वर्षांत अर्ध्या शहराने माझ्याशी भांडण केलं असेल, पण माझ्याकडे बघितलं कोणी नाही. त्यांना त्यांचा कोरडा नळ दिसतो, मी दिसत नाही. भाजीबाजारात एकदाच एका गृहस्थांनी मला ओळखलं, तेही मी मागून "पुढे सरका" म्हणाले म्हणून!

तर तयारी सुरू झाली. अर्जासोबत फोटो हवे होते. ते ह्यांनी काढले. समोरून, उजवीकडून, डावीकडून आणि माप कळावं म्हणून शेजारी फूटपट्टी धरून! फोटोत मी बाटलीत घालून ठेवलेल्या बेडकासारखी दिसत होते. लेकीने ते पुसून नवे काढले आणि मला चालायला शिकवायचं काम अंगावर घेतलं. फ्रिजपासून चपलांच्या कपाटापर्यंत जायचं, वळायचं, परत यायचं.

"आई, नळ फुटल्यासारखी धावू नकोस!"

"मग कशी चालू?"

"जगात तुला कसलीच घाई नाही, अशी."

असं मी जन्मात चालले नव्हते. तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरचे काका वर आले आणि हात जोडून म्हणाले, "भिंत पाडायचं काम अजून किती दिवस चालणार आहे?"

अखेर निवडीचा दिवस उजाडला. मी रजा टाकली. राखाडी ड्रेस, घट्ट अंबाडा, नवा चष्मा आणि बगलेत फाइल. फाइलमध्ये जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि सगळ्याच्या सह्या-शिक्क्यांनिशी तीन तीन प्रती. सरकारी माणूस कुठेही रिकाम्या हाताने जात नाही!

स्टुडिओ टायरच्या दुकानावर, चौथ्या मजल्यावर होता. लिफ्टसमोर ही गर्दी! मी जिन्याने चढले. वर पोहोचले तेव्हा माझी छाती भात्यासारखी चालली होती आणि अरुंद बोळात चाळीसएक बायका एकमेकींच्या पायांवर उभ्या होत्या. दाराशी नंबराच्या चिठ्ठ्यांचा डबा होता. मी हात घालून चिठ्ठी काढली. सत्तावीस. एवढ्यात पुढे भांडण पेटलं. दोन बायकांकडे एकच नंबर आला होता. एकीचा आवाज चढला, दुसरीच्या डोळ्यांत पाणी आलं, मागच्या ढकलू लागल्या.

आणि माझ्या तोंडून आपोआप खिडकीचा आवाज निघाला.

"गर्दी करायची नाही! एका मागे एक! चिठ्ठी हातात! ज्यांचे नंबर सारखे आहेत त्यांनी उजवीकडे थांबायचं!"

अहो, काय सांगू! चाळीस बायका दोरीत ओवल्यासारख्या उभ्या राहिल्या. त्याच क्षणी दार उघडलं आणि हातात पॅड घेतलेली एक काटकुळी मुलगी माझ्यावर झेपावली.

"मॅडम! आलात! आम्ही केव्हाची वाट बघतोय!"

मनात म्हटलं, बघा! मॉडेलला काय मान असतो! तिने मला आत नेलं, मधल्या गुबगुबीत खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं, कॉफी दिली. केसांची शेंडी बांधलेला फोटोग्राफर गळ्यातला कॅमेरा सावरत पुढे आला आणि कमरेत वाकला.

"मॅडम, तुमची अपेक्षा काय आहे, ते आधी कळलं तर बरं."

"अपेक्षा कसली? काम हवंय," मी म्हटलं.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. "ऐकलंस?" तो तिच्या कानात पुटपुटला. "फक्त काम! सांगितलं होतं ना, हेड ऑफिसच्या मॅडम कडक आहेत म्हणून!"

मला ते अर्धवटच ऐकू आलं. हेड ऑफिसने माझ्यासाठी काहीतरी सांगून ठेवलंय, एवढंच मला समजलं. मी आणखी ऐसपैस बसले.

पहिली बाई आत आली, चालली, वळली आणि माझ्यासमोर थांबून म्हणाली, "मॅडम, जमलं का?" मला वाटलं, इथली पद्धत असेल, येणारीने बसलेलीला विचारायचं. मी म्हटलं, "छान चाललात." दुसरीनेही तेच विचारलं. तिसरी आली तेव्हा काटकुळीने माझ्या मांडीवर एक तक्ता ठेवला आणि पेन दिलं. "मॅडम, दहापैकी गुण द्या."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. हे लोक मला हेड ऑफिसच्या मॅडम समजत होते!

मी बोलणारच होते हो! खोटं नाही सांगत. तोंडसुद्धा उघडलं होतं. पण फोटोग्राफर म्हणाला, "मॅडम म्हणतील ती पूर्वदिशा!" आणि माझं तोंड मिटलं. तेवीस वर्षांत मला कोणी ‘तुम्हाला काय वाटतं’ असं विचारलं नव्हतं. वाटलं, खरी मॅडम येईपर्यंत पाच मिनिटं बसू. काय बिघडतंय?

ती पाच मिनिटं चांगली पाऊण तासाची झाली.

आणि खरं सांगू? मला ते काम जमलं! खिडकीवर बसणाऱ्याला माणूस वाचता येतो. नवव्या नंबरची उंच बाई आली. ती दाराची कडीच सोडेना.

"कोणी पाठवलं तुम्हाला?" मी विचारलं.

"मुलाने अर्ज भरला. मी घरी कपडे शिवते. दुसऱ्यांसाठी." ती जमिनीकडे बघत म्हणाली. "मी जाऊ का?"

"थांबा. हा तुम्ही घातलाय तो ड्रेस कोणी शिवला?"

"मीच."

"मग मला तो शिवलाय कसा ते दाखवा. चालू नका. नुसतं दाखवा."

ती बाही दाखवायला वळली, खिसा दाखवायला थांबली, आणि बघता बघता अशी काही चालली की काटकुळीने पॅड खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. मी दहापैकी दहा दिले. जी नुसती नखरे करत होती तिला मात्र सवयीने सांगून बसले, "कागद अपुरे आहेत, पुढच्या आठवड्यात या." फोटोग्राफर हे सगळं टिपत होता. मला वाटलं, येणाऱ्या बायकांचे फोटो काढतोय.

आणि मग काटकुळीने दारातून हाक मारली, "सत्तावीस!"

माझ्या हातातलं पेन थांबलं.

"सत्तावीस नंबर! सत्तावीस!"

कोण येणार? सत्तावीस नंबर गुबगुबीत खुर्चीवर बसून तिसरी कॉफी पीत होता!

"गैरहजर," फोटोग्राफर म्हणाला. "काट मारू का, मॅडम?"

"काट नका मारू!" मी इतक्या जोरात ओरडले की कॉफी तक्त्यावर सांडली.

"का?"

"म्हणजे... बिचारीला काही अडचण आली असेल."

"तुम्ही ओळखता त्यांना?"

"तोंडओळख आहे."

आता माझं डोकं भन्नाट चालायला लागलं. आणि माझं डोकं चालायला लागलं की मी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेते, हे आमचे हे नेहमी सांगतात. "मी जरा तोंड धुऊन येते," म्हणत मी बाजूच्या दाराने सटकले. बाथरूममध्ये अंबाडा सोडला, चष्मा पर्समध्ये टाकला, तिच्यातला स्कार्फ गळ्याभोवती उडता बांधला आणि बोळातून फिरून मुख्य दाराने आत शिरले.

"सत्तावीस!" मी बारीक आवाजात म्हटलं. "उशीर झाला, माफ करा!"

चष्म्याशिवाय मला जग दुधात बुडवल्यासारखं दिसतं. समोर उंच, सडपातळ कोणी उभं होतं. मी लवून नमस्कार केला. तो दिवा निघाला.

"थांबा हं," दुधातून काटकुळीचा आवाज आला. "मॅडम तोंड धुवायला गेल्यात. त्या आल्या की सुरू करू."

झालं! आम्ही सगळे माझी वाट बघत उभे राहिलो.

एक मिनिट गेलं, दोन गेली. मी मधेच म्हटलं, "त्या येईपर्यंत मी चालून दाखवू का?" फोटोग्राफर म्हणाला, "छे! मॅडम चिडतील." मी म्हटलं, "नाही चिडणार हो!"

तेवढ्यात दार धाडकन उघडलं आणि घामाने निथळलेल्या एक बाई आत आल्या. "तासभर लिफ्टमध्ये अडकलेय मी! फोन लागत नाही, बेल वाजत नाही! मी हेड ऑफिसहून आलेय. निवड कोणी सुरू केली?"

काटकुळीने खुर्चीकडे बोट दाखवलं. "त्या... त्या मॅडम..."

मी पळू शकले असते. दार मागेच होतं. पण तक्त्यावर त्या शिवणकाम करणाऱ्या बाईचे दहापैकी दहा होते. मी पळाले तर तेही माझ्याबरोबर रद्द होणार! मी पर्समधून चष्मा काढून घातला.

"मी सुरू केली," मी म्हटलं. "मी सत्तावीस नंबर. पाणीपुरवठ्यात तक्रारीच्या खिडकीवर असते. चूक माझी आहे, पण गुण खरे आहेत. मला काढा, त्या नऊ नंबरच्या बाईंना काढू नका."

काटकुळीच्या हातातून पॅड पडलं. मॅडमनी माझ्याकडे बघितलं, कॉफीच्या डागातून तक्ता वाचला, आणि फोटोग्राफरचा कॅमेरा मागितला. त्या एकेक फोटो सरकवत गेल्या. मी हळूच डोकावले. अगं बाई! सगळे माझेच! ऐकताना, रागावताना, नऊ नंबरला बघून टाळी वाजवायला हात उचलताना.

"अहो, तुम्ही माझे का काढलेत?" मी विचारलं.

"खुर्चीवरचा उजेड चांगला होता," तो ओशाळून म्हणाला. "आणि... तुमच्यावरून नजर हटत नव्हती."

तेवीस वर्षं भोकाआड बसलेल्या बाईला हे वाक्य ऐकून काय वाटलं असेल, ते मी सांगत बसत नाही. मी नाक शिंकरलं, एवढंच.

मॅडम म्हणाल्या, "कपडे घालून उभ्या राहणाऱ्या मला पुष्कळ मिळतात. कपडे घालून जगणारी बाई मिळत नाही. नऊ नंबर पक्की. सत्तावीस पण." आणि मग, "यापुढे खुर्चीला हात लावायचा नाही!"

महिन्याभरात चौकात आमची पाटी लागली. मी आणि नऊ नंबर, वीस फूट उंच! लेकीने तिच्या सगळ्या मैत्रिणींना पाटीखाली नेऊन उभं केलं. हे म्हणाले, "आता फूटपट्टी पुरणार नाही," आणि चष्मा पुसायला खिडकीकडे गेले. चष्मा स्वच्छच होता.

परवा कंपनीतून पुन्हा फोन आला. दुसऱ्या एका जाहिरातीसाठीही माझंच नाव पक्कं झालं आहे. कंबरदुखीचा पट्टा! चेहरा दिसणार नाही म्हणाले, फक्त पाठ.

आमच्या घराण्यात आजवर कोणी, कधी, कुणाला पाठ दाखवलेली नाही. मी दाखवणार आहे. येत्या बुधवारी, साडेदहा वाजता!