वापरातील वरवंटा

वर्गीकरण हा संस्कृतीचा पाया आहे. या मतावर मी गेल्या शुक्रवारी दुपारच्या चहापर्यंत ठाम होतो.

करी रोडला आमची चाळ पाडून टॉवर झाला, त्याच्या तळमजल्यावर, पार्किंगला लागून, चाळीच्या आठवणींचं एक संग्रहालय आहे. माणसं वर राहायला गेली, त्यांचे स्टोव्ह, हंडे आणि पत्र्याच्या पेट्या खाली आल्या. त्यांच्या नोंदी संगणकात योग्य खान्यात टाकणं ही माझी नोकरी. खाने दोन. 'प्रदर्शनवस्तू', म्हणजे हात लावायचा नाही. 'वापरातील वस्तू', म्हणजे खुर्च्या, पंखे वगैरे. सही करून कुणीही न्यावं.

शुक्रवारी नवव्या मजल्यावरच्या जाईबाई आल्या.

"माझा वरवंटा काढ. रविवारी पणतीचं बारसं आहे. पाळण्याखालून फिरवायला नको?"

"जाईबाई, तो तुम्ही दान केलाय."

"दान कसलं मेल्या? ओट्यावर जागा नाही म्हणून ठेवायला दिलाय. तुझ्या बारशाला पण हाच फिरला होता. आता नियम दाखवतोस?"

ज्या दगडाच्या साक्षीने आपल्याला नाव मिळालं, त्याच्यासमोर नियम दाखवणं कठीण असतं. आमच्या प्रमुख अनुजा मॅडम रजेवर होत्या. मी वरवंट्याचा खाना बदलून 'वापरातील' केला आणि चहाला गेलो. सकाळी यादी छापताना 'सगळे निवडा' केलं होतं, ते तसंच राहिलंय हे माझ्या ध्यानात आलं नाही. वरवंट्याबरोबर अख्खं संग्रहालय वापरात आलं.

शनिवार-रविवार माझी सुट्टी. सोमवारी दालनात शिरलो, तर 'कृपया हात लावू नये' या पाट्या तेवढ्या जागेवर.

"दगडू, सामान कुठाय?" मी दारावरच्या वॉचमनला विचारलं.

"वर गेलं. जाईबाईंचा वरवंटा लिफ्टमध्ये सगळ्यांनी बघितला ना. मग लाइनच लागली. मी संगणकात बघूनच सोडलं, साहेब. सगळं वापरातील दाखवत होतं."

"तुला संशय नाही आला?"

"आला ना. पंखे कोणीच नेईना."

रजेवरून परतलेल्या अनुजा मॅडमनी शांतपणे विचारलं, "आपल्याकडे आता नेमकं काय आहे?"

"खुर्च्या, मॅडम."

"मग बसा."

बसलो. वर जाऊन कुणाकुणाची दारं वाजवायची, याची यादी करायला घेतली. पण संध्याकाळी लिफ्ट उघडली आणि स्टोव्ह आला. मागोमाग हंडा, पेट्या, कंदील. प्रत्येकाबरोबर एकच वाक्य खाली येत होतं: "सून म्हणते, ठेवायचं कुठे?"

शेवटी जाईबाई आल्या. वरवंटा पिशवीत.

"झालं बारसं?"

"झालं. हॉलवर."

"फिरवला ना हा?"

"पिशवीतच राहिला. हॉलवाल्याच्या पॅकेजमध्ये वरवंटा होता."

"कसला?"

"फोमचा," जाईबाई म्हणाल्या. "गुलाबी."