लटारूभाऊंच्या घरची स्पोर्ट्स कार

"हे गाडी होय?" लटारूभाऊंनी चष्मा कपाळावर सरकवून विचारलं.

गोपालच्या हातात वीतभर लांबीची लालभडक स्पोर्ट्स कार होती. दाराच्या चौकटीतून उरलेल्या सागाच्या तुकड्यातून त्यानं ती खपून घडवली होती. त्याला नागपूरला गाड्यांचं डिझाईन शिकायचं होतं आणि त्याच्या बाबांना, म्हणजे लटारूभाऊंना, त्याला राइस मिलवर चिकटवायचं होतं.

"गावातल्या चार जणायनं चांगली म्हटली त पाठवतो. माझा शब्द हाय," ते म्हणाले.

आलापल्लीजवळच्या त्या गावात चार माणसं जमवायला वेळ लागत नाही. त्यांचं एकमत करायला मात्र जन्म जातो, हे बिचाऱ्या गोपालला कोण सांगणार?

शेजारच्या सोनीबाईंनी गाडी उलटीपालटी केली. "किती बुटकी रे! धानाच्या बांधीतल्या चिखलात पोट टेकन ना हिचं."

गोपालनं उंच चाकं लावली. सोनीबाई खूश झाल्या.

मुखरू सुताराला मागची फळी खटकली. "हे कायले?"

"हवा दाबते, मुखरूभाऊ."

"हवा काऊन दाबाची? धान कुठी ठेवाचं ते सांग." त्यानं फळी उपटली आणि टपावर पोत्यासारखा लाकडी गोळा ठोकून दिला.

सुकलूला रानडुकराची काळजी होती. "आडवं आलं त? समोर गार्ड लाव, दोन्हीकून वाकलेला." लोखंडाच्या दोन वाकड्या सळ्या लागल्या. चैतूभाऊंनी मागे सुंभाचा दोर बांधायला लावला, कारण गाडी फसली तर ओढणार कशानं?

चौघं झाले! गोपाल उड्या मारत घरी निघाला, तेवढ्यात वाटेत सोनीबाई भेटल्या. "अगो बाई, हे काय करून ठेवलं? मले नाई आवडली." मुखरूनंही सळ्या पाहून मान फिरवली. गोपालनं गाडी कोपऱ्यात भिरकावली आणि भर दुपारी डोक्यावरून चादर ओढून घेतली.

संध्याकाळी ढोलाच्या आवाजानं तो उठला. गावात तान्हा पोळा, म्हणजे पोरांच्या चाकांवरच्या लाकडी नंदींची स्पर्धा, भरला होता आणि कोपऱ्यातली गाडी गायब होती. तो मारुतीच्या पारावर धावला. धाकट्या बहिणीच्या, दिव्यानीच्या नंदीचा पाय मोडला होता, म्हणून तिनं घरातला हा दुसरा नंदी उचलून आणला होता. चाकं होती, वशिंड होतं, शिंगं होती, शेपूट होतं. तिनं फक्त झूल घातली होती.

पहिला नंबर तिचाच आला. टाळ्या थांबेनात.

"पाय मी उंच कराले लावले!" सोनीबाई ओरडल्या.

"अन वशिंड कोणाचं?" मुखरू छाती फुगवून म्हणाला. सुकलूनं शिंगांवर आणि चैतूभाऊंनी शेपटीवर हक्क सांगितला.

गोपाल तोंड उघडणार, तोच लटारूभाऊंनी त्याचा हात दाबला. "चूप ऱ्हाय."

घरी आल्यावर ते म्हणाले, "चौघायनं चांगलं म्हटलं. बॅग भर."

"पण बाबा, त्यायले तो बैल वाटला!"

लटारूभाऊंनी मोबाईल पुढे केला. पडद्यावर ती पहिली कार होती, बुटकी, लाल, चकचकीत. तिचा फोटो त्यांनी कधी काढला होता कोण जाणे.

"मले त हेच आवडली होती. लय झकास."

गोपालनं मोबाईल ओढून घेतला. "मंग तवाच काऊन नाई म्हटलं?"

"तवाच म्हटलं असतं त तू पोळ्याच्या आधीच गेला असता ना बे," लटारूभाऊ म्हणाले आणि बराच वेळ चष्मा पुसत बसले.