पिवळीच्या बाळंतपणाबाबतचे परिपत्रक

दुसऱ्याच्या संसारात लक्ष घालणे ही माणसाची मूलभूत गरज आहे. तिच्या पूर्ततेसाठी काहींना सरकारी खाते मिळते, काहींना शेजार मिळतो, आणि ज्यांना दोन्हीकडून दाद मिळत नाही ते मासे पाळतात. आवक-जावक शाखेच्या अधीक्षकांना खातेही होते आणि शेजारही होता, तरी त्यांची गरज भागेना. म्हणून त्यांनी बैठकीच्या खोलीत तीन फुटांची काचेची टाकी बसवली आणि तीत बुटक्या सिक्लिडची एक जोडी सोडली.

बुटका सिक्लिड म्हणजे बोटाएवढा मासा. नर निळसर, झगझगीत, पंख पसरून मिरवणारा आणि कामाच्या नावाने शून्य. मादी दिसायला साधी; पण अंडी घातली की ती हळदीसारखी पिवळी होते आणि नवऱ्याला कोपऱ्यात पिटाळते. (अधीक्षकांच्या पत्नीला हा मासा पहिल्या दिवसापासून आवडला.) मादीचे नाव पिवळी पडले. नराला नाव द्यावे असे कोणाला सुचले नाही.

पिवळीने टाकीत ठेवलेल्या पालथ्या कुंडीच्या आत पहिली अंडी चिकटवली, तेव्हा अधीक्षकांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. स्वतःच्या मुलीच्या जन्माच्या वेळी ते वार्षिक तपासणीत अडकले होते. ती चूक या खेपेस होऊ द्यायची नव्हती. टाकीसमोर खुर्ची ओढून, बॅटरीचा झोत मारून त्यांनी अंडी मोजली. साठ भरली. तासाभराने फेरमोजणी केली, तरी साठच. खात्रीसाठी तिसऱ्यांदा वाकले, तेव्हा एकही नव्हते. पिवळीने सगळी गिळली होती आणि ती त्यांच्याकडे टक लावून बघत होती.

"घाबरली की खाते, साहेब," माशांचा दुकानदार म्हणाला. "तिला जरा एकटं सोडा."

या दोन वाक्यांपैकी अधीक्षकांनी पहिले तेवढे दाखल करून घेतले. भीतीचे कारण घरातल्या इतर माणसांत शोधणे मग ओघानेच आले. त्याच संध्याकाळी फ्रिजवर परिपत्रक लागले: मिक्सर अधीक्षक कार्यालयात गेल्यावरच लावावा. दारे हाताने धरून मिटावीत. बैठकीत फोनवर बोलू नये, बोलणे अटळ असल्यास हसू नये. वक्तृत्व स्पर्धेचा सराव गच्चीवर करावा.

"बाबा, गच्चीवर वारा असतो," मुलगी म्हणाली. "माझं मलाच ऐकू येत नाही."

"मग आटोपशीर बोलायला शीक," अधीक्षक म्हणाले. त्यांची नजर कुंडीवरून हलली नाही.

यानंतर चार खेपा झाल्या. एकूण अंडी दोनशे सत्त्याऐंशी, पिल्ले शून्य. मात्र याच काळात घरातले हसणे ऐंशी टक्क्यांनी घटले, आणि ही प्रगती समाधानकारक असल्याचा शेरा अधीक्षकांनी नोंदवहीत हिरव्या शाईने मारला. माशांना मानवतात म्हणून पाण्यात बदामाची वाळकी पाने घालून त्यांनी त्याला कोऱ्या चहाचा रंग आणला होता. टाकी कधी धुणार असे पाहुणे विचारत; पुढे पाहुणे येईनासे झाले. (हीही प्रगतीच.)

सहाव्या खेपेची अंडी पडली त्याच सकाळी अधीक्षकांच्या पित्ताशयाने उचल खाल्ली. दुपारी ते शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी स्ट्रेचरवर आडवे होते. पत्नीने त्यांचा हात घट्ट धरला होता. त्यांनी तिच्याकडे पाहिले, डोळ्यांत पाणी आले, ओठ थरथरले.

"कुंडीवर लक्ष ठेवशील ना?" ते म्हणाले.

पत्नीने हात सोडला.

नऊ दिवसांनी ते मुलीच्या खांद्याचा आधार घेत घरात आले आणि टाकीसमोर थबकले. पिवळी पानांवरून ऐटीत चालली होती, आणि तिच्यामागे चाळीसेक ठिपके पोहत होते. कोणाला न विचारता.

"म्हणजे नियम नीट पाळले होते," अधीक्षक म्हणाले.

"एकही नाही," पत्नी म्हणाली. "मी इथंच बसून सगळ्यांना फोन करत होते. तुमच्या ऑपरेशनच्या दिवशी तर इथंच मोठ्यानं रडले. मिक्सरही चालला."

"मी सराव इथंच केला," मुलगी म्हणाली. "टाकीसमोर. मासे मध्ये बोलत नाहीत. पहिला नंबर आला."

"स्पर्धा कधी होती?"

"परवा झाली. तारीख तुम्हाला सांगितली होती. तुम्ही मोजत होतात."

अधीक्षकांनी खुर्ची टाकीकडून वळवली आणि मुलीला भाषण म्हणून दाखवायला सांगितले. ते अकरा मिनिटे चालले. त्यांनी एकदाही टोकले नाही. (बोलल्यास टाके दुखत, हेही नमूद करणे आवश्यक आहे.) सातव्या मिनिटाला एक विनोद होता. त्यावर ते हसले, टाके धरून कळवळले आणि "पुढे म्हण," म्हणाले.

चाळीस पिल्लांची कीर्ती पसरायला वेळ लागला नाही. मत्स्यपालकांच्या मंडळाने अधीक्षकांना व्याख्यानाला बोलावले. बेचाळीस सभासद वह्या उघडून बसले.

"मी नऊ दिवस घरात नव्हतो," अधीक्षक प्रामाणिकपणे म्हणाले. "दुसरं काहीही केलं नाही."

कोणी काही लिहिले नाही. प्रस्तावना संपण्याची सगळ्यांनी सभ्यपणे वाट पाहिली. मग पहिल्या रांगेतल्या दंतवैद्याने हात वर केला.

"ते ठीक आहे. पण पाण्याचा पीएच किती होता?"

त्या नऊ दिवसांत पीएच कोणीच मोजला नव्हता. पण बेचाळीस चेहरे इतक्या आशेने वर झाले होते, की अधीक्षकांना राहवले नाही.

"सहा पूर्णांक दोन," ते म्हणाले.

बेचाळीस पेने एकदम चालली.

(हा आकडा खोटा आहे हे कळूनही तो ज्यांच्या लक्षात राहिला, त्यांनी टाकी घेण्यापूर्वी घरच्यांची लेखी संमती घ्यावी.)