शेऱ्यांचा रकाना

आमच्या घरात कॉम्प्युटर कळणारा माणूस एकच, आणि तो मी. विम्याच्या ऑफिसात प्रिंटरमध्ये कागद अडकला की साहेबसुद्धा मलाच हाक मारतात. म्हणून दादा म्हणाला, "दुकानातली मापांची फाईल सगळ्यांना आपापल्या जागेवरून बघता आली पाहिजे," तेव्हा मी घड्याळाकडे बघत म्हणालो, "अर्ध्या तासाचं काम आहे."

दादाचं शिवणकामाचं दुकान आहे. खाली काउंटर, वर कटिंगचं टेबल. मापांची फाईल वहिनीने बनवलेली. अकरा वर्षं तिने एकेका गिऱ्हाइकाची छाती, कंबर, बाही त्यात भरली आणि शेवटी शेऱ्यांचा एक रकाना ठेवला. 'डावा खांदा उतरता आहे. पॅड घाला, पण त्यांना सांगू नका.' 'कंबर दरवर्षी वाढते. शिवणीत कापड सोडा.' सात महिन्यांपूर्वी वहिनी गेली. फाईल वर तिच्या कॉम्प्युटरवरच राहिली, आणि काउंटरवरच्या ताईंना प्रत्येक मापासाठी जिना चढावा लागू लागला. त्यांच्या गुडघ्यांनी राजीनामा द्यायची भाषा केली, तेव्हा मला बोलावणं आलं.

मी फाईल उचलली, खालच्या कॉम्प्युटरवरच्या सामायिक फोल्डरमध्ये टाकली आणि वरूनही तीच उघडेल अशी सोय केली. मूळ जागी प्रत ठेवली नाही. एकाच्या दोन फाईली झाल्या की घोळ होतो, असं माझं तत्त्व होतं.

दुसऱ्याच दिवशी दुपारी ताईंचा फोन आला. "भाऊ, फाईल उघडत नाही. दुसऱ्या कोणीतरी उघडून ठेवली आहे म्हणते."

"कोणी?"

"तेवढंच सांगत नाही."

मी काज-बटणं करणाऱ्या काकांना विचारलं. ते म्हणाले, "मला माझी चष्म्याची डबी उघडत नाही, फाईल कुठली उघडतोय." दादाला विचारलं. "मला सगळी मापं पाठ आहेत," असं म्हणून तो कापडावर खडूने रेघ मारू लागला. मग मी दोष वरखालचे कॉम्प्युटर जोडणाऱ्या वायरला दिला. वायर काही बोलत नाही, हा तिचा मोठा गुण.

असे चार दिवस गेले. दुपारी फाईल अडायची, आणि ताई अंदाजाने मापं लिहून वर पाठवायच्या. त्यात बँडमास्तरांचा कोट त्यांच्या मुलाच्या मापाचा झाला. मास्तरांनी तो घालून वाजवायची खूण करायला हात वर केले, ते खाली येईनात. बँड बिचारा वाजवतच राहिला.

पाचव्या दिवशी मी ऑफिसातून अर्धी रजा काढून गेलो. मोठ्या फाईलशेजारी एक चिमुकली फाईल दिसली, कुलपाचं चित्र असलेली. म्हटलं, हाच तो अडसर. पुसायला गेलो तर पुसेना, "वापरात आहे" म्हणे. मी नेटवर्कची वायरच उपटली आणि ती पुसून टाकली.

वरून दादाचा आवाज आला. "अरे, हे काय झालं? हिचं सगळं गेलं की."

मी जिना चढून गेलो. दादा वहिनीच्या खुर्चीत बसला होता. गळ्यात टेप, एक बोट कळफलकावर. जेवणाच्या सुट्टीत तो रोज तिचे शेरे वाचत बसायचा. तिचा कॉम्प्युटर फाईल एकट्यापुरतीच उघडायचा, म्हणून खाली ताई अडायच्या.

"तू लिहीत होतास?" मी विचारलं.

"तिच्या शेऱ्याखाली. थोडंसं."

मी वायर परत लावायला खाली गेलो.

दुरुस्ती करायला दोन तास लागले. नऊशे गिऱ्हाइकांची मापं अर्ध्या इंचासकट परत आली. शेऱ्यांच्या रकान्यात मात्र वरपासून खालपर्यंत अक्षरांऐवजी जाळीजाळीची चिन्हं होती. दादाने शेवटच्या गिऱ्हाइकापर्यंत सगळं पाहिलं. मग तो उठून कटिंगच्या टेबलाकडे गेला.

रविवारी त्याने मला बोलावलं. तो आठवून सांगणार, मी टाइप करणार. पहिले वीस-पंचवीस शेरे भराभर आले. मग तो थांबू लागला. एका नावावर बोट ठेवून म्हणाला, "काहीतरी हसण्यासारखं होतं रे. आठवत नाही." संध्याकाळपर्यंत साठ झाले. बाकीचे कोरेच राहणार हे दोघांनाही कळलं होतं.

शेवटी माझं नाव आलं. मी म्हणालो, "माझं राहू दे."

"तुझा पक्का आठवतोय. लिही. 'भाऊजी आपली उंची स्वतःच सांगतात. ऐकून घ्यावं आणि मग टेप लावावी.'"

मी टाइप केलं. दादाने पडद्याजवळ वाकून पाहिलं.

"'ऐकून'मधला उकार दीर्घ कर," तो म्हणाला. "ती असं चुकायची नाही."