महाराजांचे वडील

सकाळी सात वाजता बेल वाजली म्हणून देवराम सरांनी दार उघडलं, तर बाहेर एक अनोळखी बाई नारळ आणि उदबत्तीचा पुडा घेऊन उभी होती. "महाराज उठलेत का?" तिने विचारलं. इथे कुणी महाराज राहत नाहीत, असं सरांनी सांगितलं. त्यावर ती म्हणाली, "चालेल, मी थांबते. तुम्ही त्यांचे वडील ना? मग तुमच्या पाया पडते."

सरांनी पाय चटकन दाराच्या आत घेतले. माणूस एम.एस्सी. झालेला. उभी हयात कल्याणच्या शाळेत विज्ञान शिकवण्यात गेली, आणि निवृत्त झाल्यावर अंधश्रद्धेविरुद्ध काम करणाऱ्या एका मंडळातर्फे व्याख्यानं सुरू झाली. लिंबातून रक्त कसं काढतात हे त्यांनी कोपरीपासून टिटवाळ्यापर्यंत किती चौकांत करून दाखवलं असेल, याला गणती नाही. घरात भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, तिसऱ्या कुणाला तिथे जागा मिळालेली नाही. आणि आता त्यांच्याच उंबऱ्यावर नारळ! संताप यायला सरांना एरवीही फार काही लागायचं नाही. आज तर त्यांचा चहासुद्धा झालेला नव्हता.

महाराज म्हणजे त्यांचा मुलगा, रत्नदीप. बँकेतली चांगली नोकरी सोडून तो मेंटॅलिस्ट झाला होता, म्हणजे मन ओळखण्याचे खेळ करायचा. प्रेक्षकाने पुस्तकाचं कुठलंही पान उघडून एक शब्द मनात धरायचा आणि याने तो सांगायचा. प्रेक्षक कुठला पत्ता निवडणार, हे आधीच बंद केलेल्या पाकिटात लिहिलेलं निघायचं. कुणी एखादी वस्तू लपवली, की लपवणाऱ्याचं मनगट धरून हा सरळ त्या वस्तूपाशी जाऊन उभा राहायचा. दर खेळाच्या सुरुवातीला तो सांगायचा, की माझ्याकडे दैवी शक्ती वगैरे काही नाही, थोडं निरीक्षण, थोडी स्मरणशक्ती, थोडं मानसशास्त्र आणि थोडी फसवणूक एवढंच माझं भांडवल. ती शेवटची थोडी फसवणूक सरांना झोंबायची. "त्यात काय आहे, कुणीही करेल," असं त्यांचं ठाम मत होतं, आणि ते त्यांनी मुलाचा एकही खेळ न बघता बनवलेलं होतं. नातेवाइकांना ते सांगायचे, की रत्नदीप इव्हेंटमध्ये आहे.

बिघडलं ते सोसायटीच्या वर्धापनदिनाला. सर त्या दिवशी मुद्दाम मुरबाडला व्याख्यानाला गेले होते. इकडे सेक्रेटरी साईनाथच्या आग्रहावरून रत्नदीपने फुकटात खेळ केला. तळमजल्यावरच्या रखमाबाईंच्या मयूरने स्कूटरची चावी पंपाच्या खोलीत लपवली आणि रत्नदीपने त्याचं मनगट धरून ती शोधून काढली. टाळ्या झाल्या, लोक पावभाजी खाऊन घरी गेले. प्रकरण तिथेच मिटायचं, पण रखमाबाईंच्या सोन्याच्या पाटल्या दिवाळीपासून सापडत नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रत्नदीपला जिन्यातच गाठलं. तो परोपरीने सांगत होता, की लपवणाऱ्याला जागा माहीत असते, म्हणून त्याचा हात नकळत सांगतो, चोराने नेलेलं मला कसं सापडणार? रखमाबाईंनी ऐकून घेतलं आणि स्वतःचं मनगट त्याच्या हातात देऊन त्याला घरात ओढून नेलं. तो बिचारा भिडेखातर खोल्यांमधून फिरला. माळ्याखाली आल्यावर बाईंचा हात ताठ झाला. माळ्यावर जुन्या मिक्सरचं खोकं होतं आणि त्यात पाटल्या. लेकीकडे टिटवाळ्याला जाताना चोरांच्या भीतीने त्यांनी स्वतःच तिथे ठेवल्या होत्या आणि त्या साफ विसरल्या होत्या.

"काकी, तुमच्याच हाताने सांगितलं ना," रत्नदीप म्हणाला.

"हात माझा रे. पण शक्ती तुझी," रखमाबाई म्हणाल्या, आणि संध्याकाळपर्यंत ही बातमी टिटवाळ्यात पोचली.

मग रांग लागली. कुणाची मुलीची पत्रिका, कुणाचा हरवलेला मोबाइल, एका रिक्षावाल्याला परमिट कधी मिळणार ते हवं होतं. रत्नदीप डोंबिवलीच्या नाट्यगृहातल्या त्याच्या पहिल्या तिकीट लावलेल्या खेळाच्या तालमी सोडून जिन्यात एकेकाला समजावत बसायचा. तो जितकं नाही म्हणे तितकं लोकांना तो खरा सत्पुरुष वाटे, कारण खोटे असतात ते कधी नाही म्हणत नाहीत. सरांनी दारावर पाटी लावली, 'येथे चमत्कार होत नाहीत'. दोन दिवसांत पाटीला हार आला. गेटवरच्या पानवाल्याने नारळ ठेवायला सुरुवात केली.

कहर झाला तो मंडळाचे अध्यक्ष मधु ठोंबरे यांच्या फोनने. देवराम, तुझ्या घरातच दरबार भरतो असं कानावर येतंय, ते म्हणाले. टिटवाळ्याचं तुझं व्याख्यान तूर्त थांबवू या, आणि हे मिटलं नाही तर तुझं नाव मंडळातून कमी करावं लागेल. सरांनी फोन ठेवला. आजवर ज्यांची बुवाबाजी उघडी पाडली, त्यांच्या यादीत शेवटचं नाव आपलं लागणार, या विचाराने त्यांना घास गोड लागेना.

शेवटी त्यांनी ठरवलं, की सोसायटीच्या हॉलमध्ये सगळ्यांना बोलवायचं आणि हा मनगटाचा खेळ स्वतः करून दाखवायचा. शक्तीबिक्ती काही नाही, कुणालाही जमतं, हे एकदा डोळ्यांनी बघितलं की प्रश्नच मिटला. रत्नदीप एवढंच म्हणाला, "पप्पा, दाखवा तुम्ही खुशाल. पण ते पटकन जमत नाही."

"मी विज्ञान शिकवलंय," सर म्हणाले.

सरावासाठी त्यांच्या बायकोने, शालनताईंनी, आगपेटी फ्रिजमध्ये लपवली. सर त्यांचं मनगट धरून निघाले ते बाथरूममध्ये जाऊन थांबले. दुसऱ्यांदा ते गॅलरीतल्या कुंडीपाशी गेले, तिसऱ्यांदा शेजाऱ्यांच्या दारात. असे कितीतरी दिवस गेले. "लग्नात धरला नव्हता इतका वेळ हात धरलाय तुम्ही," शालनताई मनगट चोळत म्हणाल्या, "आणि आपटताय मात्र सगळीकडे." सर बायकोवर चिडले, आगपेटीवर चिडले, स्वतःवर तर फारच चिडले. मग एका दुपारी दार लावून घेऊन त्यांनी मुलाला बोलावलं आणि भिंतीकडे बघत विचारलं, की नक्की कसं करतोस. रत्नदीपने सांगितलं, की घट्ट धरू नका. तुम्ही शोधूच नका. अर्धं पाऊल पुढे चाला आणि हात कुठे मागे ओढतोय, कुठे हलका होतोय, तेवढंच ऐका. सरांना आयुष्यभर बोलायची सवय, ऐकायला शिकण्यात त्यांचा फार घाम गेला. एकदा आगपेटी उशीच्या अभ्र्यात सापडली तेव्हा ते लहान मुलासारखे हसले आणि लगेच गंभीर झाले.

रविवारी हॉल खचाखच भरला. पहिल्या ओळीत मधु ठोंबरे हाताची घडी घालून बसले होते. सरांनी आधी स्नायू आणि मेंदू यांवर व्याख्यान दिलं आणि लोकांनी ते आरतीआधीच्या सूचना ऐकाव्या तसं ऐकलं. मग सर बाहेर गेले, दुसऱ्या मजल्यावरच्या विनिताने सेफ्टी पिन लपवली, आणि सर आत येऊन तिचं मनगट अलगद धरून चालू लागले. खिडकीपाशी हात जड झाला. ते वळले. खुर्च्यांच्या ओळीत शिरले, थबकले, मागे फिरले. पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. एका जागी विनिताचा हात एकदम हलका झाला. समोर वॉचमन धोंडीबा बसले होते. सरांनी त्यांची टोपी उचलून उलटी केली. आतल्या पट्टीला पिन टोचलेली होती.

मग रखमाबाई उठल्या, तरातरा पुढे आल्या आणि सरांच्या पायांवर डोकं ठेवून म्हणाल्या, "तरीच म्हटलं, पोराला हे आलं कुठून. मूळ गंगा इथेच आहे." मागे लगेच रांग धरली गेली. पिन हातात घेऊन सर ओरडत होते, की अहो मी आत्ताच समजावून सांगितलं, स्नायू, स्नायू! रांग हात जोडून ऐकत होती.

तेव्हा मधु ठोंबरे मित्राच्या मदतीला धावले. खुर्चीवरून उठून सगळ्यांना शांत करत ते म्हणाले, "बसा, बसा. कसली शक्ती? त्यात काय आहे, कुणीही करेल. पोरखेळ आहे सगळा."

खरं तर सरांनी त्यांचे आभार मानायला हवे होते. हे वाक्य मुळात सरांचंच होतं, आणि हॉलमध्ये ते बोलणारा हा एकटाच शहाणा माणूस होता. पण सरांच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं.

"कुणीही?" ते म्हणाले. "मग ये. धर हिचा हात."

मधुराव हसत बाहेर गेले. विनिताने पिन पुन्हा लपवली. मधुरावांनी आत येऊन तिचं मनगट पकडलं आणि तिला फरफटत हॉलभर फिरवून ते आग विझवायच्या लाल नळकांड्यासमोर उभे राहिले. पिन रखमाबाईंच्या पिशवीच्या बंदाला होती. पोरं खिदळली.

"जमलं?" सर म्हणाले. "मी बायकोचं मनगट सुजवलं तेव्हा कुठे एक पिन सापडली मला. आणि माझा पोरगा कॉलेजपासून हे घासतोय, रोज, आरशासमोर, उपाशीतापाशी. पोरखेळ म्हणे. कला आहे ही, कला. येत नसेल तर गप्प बसून बघावं माणसाने."

पायांशी बसलेल्या रखमाबाईंनी मान वर करून शंका विचारली, "म्हणजे सर, शक्ती नाहीच यात? नुसती मेहनत?"

"नुसती मेहनत."

"अगंबाई. मेहनत तर आमचा मयूरपण करतो," असं म्हणत त्या गुडघ्यांवर हात देऊन उठल्या आणि पदर झटकून निघाल्या. त्यांच्यामागून रांगही पांगली. व्याख्यानाने झालं नाही, पाटीने झालं नाही, ते त्या एका शब्दाने झालं. टिटवाळ्याच्या व्याख्यानाची तारीख कळवतो, असं काहीतरी पुटपुटून मधुराव साईनाथच्या स्कूटरवरून स्टेशनकडे गेले.

रिकाम्या हॉलच्या मागच्या भिंतीला टेकून रत्नदीप उभा होता. तो सगळा वेळ तिथेच होता आणि त्याचे डोळे लाल झाले होते. सरांचं तिकडे आत्ता लक्ष गेलं. त्यांनी पिन सदऱ्याला टोचली, खाकरले, आणि अजून न उतरलेल्या रागातच विचारलं, "शनिवारच्या डोंबिवलीच्या खेळाला मला बोलवायची पद्धत नाही का?"

"बोलावलं होतं, पप्पा. दर खेळाला बोलावतो."

"मग नीट बोलवायचं होतं," सर म्हणाले, आणि तोंड फिरवून खुर्च्या उचलायला लागले.