उत्तरपूजेअभावी

अमेरिकेतल्या मराठी मंडळाच्या कलाप्रदर्शनासाठी निवृत्त भूलतज्ज्ञ डॉ. गुरुदत्त टिपणीस यांनी बेलव्ह्यूच्या आपल्या घरातली एक वस्तू दिली. एकाच अटीवर: प्रदर्शन संपलं की परत. वस्तू म्हणजे वीतभर उंचीचा ब्राँझचा मर्क्युरी. रोमन लोकांचा निरोप्या देव, पाचशे वर्षांपूर्वी इटलीत ओतलेला. टाचांना पंख, डोक्यावर टोपी, बाकी अंगावर काही नाही. डॉक्टरांनी जन्मात देव मानला नाही. हा जपला तो कारागिरीसाठी.

बाकी अंगावर काही नाही, यासाठी कार्यकारिणीची तातडीची बैठक झाली. झूमवर. अध्यक्षा चारुताताई म्हणाल्या, फॅमिलीज येतात. ज्यांची पोरं फोनवर काय बघतात हे त्यांनाही ठाऊक नाही, त्या सगळ्यांनी अनुमोदन दिलं. वस्त्र उपसमिती नेमली. उपसमितीने बाळकृष्णाचा पीतांबर नेसवला.

आता पीतांबर नेसलेल्या मूर्तीपुढे मराठी माणूस हात मागे बांधून उभा राहील काय? कुणीतरी फूल वाहिलं. रेडमंडच्या एका इंजिनियरने टाचांचे पंख पाहिले, हा प्रवासाचा देव हे ताडलं आणि व्हिसासाठी नवस बोलला. त्याचा व्हिसा झाला. तो होणारच होता, पण ऐकतो कोण! रांग लागली. फायर अलार्म वाजतो म्हणून बॅटरीची समई आली. पायाशी पासपोर्टच्या झेरॉक्स.

प्रदर्शन संपल्यावर डॉक्टर मूर्ती न्यायला गेले.

"काका, आधी शूज," सेक्रेटरी शंतनू म्हणाला.

"अरे, तो रोमन आहे. व्यापाऱ्यांचा देव. चोरांचासुद्धा."

"मग व्हिसाच्या कन्सल्टन्सीवाल्यांनाही चालेल. पण काका, देव असा उचलता येत नाही. उत्तरपूजा लागते. ती कमिटीने अप्रूव्ह करावी लागते, आणि कमिटीत चौघांची ग्रीन कार्डं पेंडिंग आहेत."

चारुताताईंनी वर सांगितलं की मूर्ती फार काळवंडलीय, उद्या चिंचेने लख्ख घासू.

"तो काळा रंगच पाचशे वर्षांचा आहे हो," डॉक्टरांचा आवाज चिरकला. "घासलात तर बाथरूमचा नळ उरेल."

वकिलाला फोन करतो म्हणून ते तरातरा बाहेर आले, तर रांगेत त्यांची बायको. नीलाताईंच्या हातात भाच्याची, अमेयची, फाइल.

"ग्रीन कार्डापायी बारा वर्षं अडकलाय पोरगा," त्या म्हणाल्या. "परत येऊ देतील की नाही या धास्तीने आईच्या, माझ्या ताईच्या, शेवटच्या आजारपणातही भारतात गेला नाही. आणि तुम्ही रंगाचं घेऊन बसलाय. देव नाही म्हणता ना? मग नसलेल्या देवाला चिंच लागली तर बिघडलं कुठे?"

चाळीस वर्षं लोकांची शुद्ध हरपवणाऱ्या डॉक्टरांनी वकिलाचा फोन न लावताच खिशात टाकला.

दुसऱ्या दिवशी चिंच त्यांनीच कोळली. मूर्ती पिवळीधमक होईतो घासली, आणि घासताना ओठांत अमेयचा केस नंबर पुटपुटत होते.

शिकल्यासवरल्या माणसाने असं करावं, याचं तुम्हाला हसू येत असेल. येणारच. तुमचं ग्रीन कार्ड झालेलं दिसतंय.